कुलूप, किल्ली आणि संहिता

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘साहित्यकृती’ या संज्ञेची जी व्याख्या दिली आहे, तीत संगणक-प्रणालीचाही समावेश होतो. कादंबरी, कविता, नाटकाचा अनुवाद आणि शब्दकोश ज्या पंक्तीत बसतात, त्याच पंक्तीत पगारपत्रक तयार करणारी किंवा मजकुराची पाने जुळवणारी प्रणालीही कायद्याच्या दृष्टीने बसते. साहित्याच्या अध्यापकवर्गाने या व्याख्येकडे आजवर फारसे लक्ष दिलेले नाही. ते दिले पाहिजे, असे आम्हांस वाटते. कारण ही अशी एक साहित्यकृती आहे, की जी प्रकाशित तर होते, पण वाचता येऊ नये अशा बेताने प्रकाशित होते. लेखक ती एका भाषेत लिहितो, ग्राहकाच्या हाती ती दुसऱ्याच रूपात पडते, आणि त्या दुसऱ्या रूपावरून पहिल्यापर्यंत कोणी पोहोचू नये यासाठी एक स्वतंत्र शास्त्र आणि एक स्वतंत्र बाजारपेठ उभी राहिलेली आहे.

हे कुलूप लावण्याचा हक्क निर्मात्याला आहे काय? आहे, असेच आमचे मत आहे. परंतु ज्या समाजाच्या कायद्याने त्या कुलपाला संरक्षण दिले आहे, त्या समाजाचाही किल्लीवर काही हक्क पोहोचतो, आणि तो हक्क आपण मागितलेलाच नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा न मागितलेला हक्क आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. प्रणाली लिहिणारा अभियंता जी संहिता लिहितो, तिला ‘सोर्स कोड’ म्हणतात. तीत नावे असतात, क्रम असतो, आणि आपण अमुक गोष्ट अशी का केली याविषयी पुढच्या वाचकासाठी ठेवलेली टिपणेही असतात. हीत लेखकाची शैलीही उमटते; एकाच कामाची दोन अभियंत्यांनी लिहिलेली संहिता सारखी नसते. पुढे कंपायलर नावाची प्रणाली या संहितेचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करते. यंत्राला टिपणांची गरज नसते, म्हणून ती गळून पडतात. नावांचीही गरज नसते. ‘एकूण वेतन’ हे नाव जाऊन त्या जागी स्मृतीतील एक क्रमांक येतो. उरते ती आज्ञांची लांबलचक रांग. ग्राहक विकत घेतो ती ही रांग.

डीकंपायलर याच्या उलट दिशेने चालतो. हाती आलेल्या आज्ञांवरून मूळ संहिता कशी असावी, याचा तो अंदाज बांधतो. पाठचिकित्सेशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना हे काम अनोळखी वाटणार नाही. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यासमोरही उपलब्ध प्रतींवरून मुळाकडे जाण्याचाच प्रश्न होता. पाठचिकित्सकाला लेखकाचे मन मिळत नाही, मजकूर मिळतो. डीकंपायलरलाही अभियंत्याची टिपणे मिळत नाहीत, आज्ञांचा आराखडा मिळतो. पण आराखडा हाती येणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

१९९५ मध्ये जावा ही भाषा आली आणि हे काम फारच सोपे झाले. जावाची प्रणाली कोणत्याही एका यंत्राच्या आज्ञांत रूपांतरित होत नाही. ती एका मधल्या रूपात राहते आणि त्या रूपात विभागांची व कृतींची नावे बव्हंशी टिकून असतात. १९९६ मध्ये हॅनपीटर फान फ्लीट या डच अभियंत्याने ‘मोका’ नावाचा डीकंपायलर प्रसृत केला, तेव्हा जावात लिहिणाऱ्यांमध्ये खळबळ उडाली. आपण लिहिलेली संहिता कोणीही जवळजवळ जशीच्या तशी वाचू शकतो, हे अनेकांना तेव्हा प्रथम कळले. याच गृहस्थांनी पुढे ‘क्रेमा’ नावाची दुसरी प्रणाली दिली. तिचे काम होते संहिता दुर्बोध करून मोकासारख्या डीकंपायलरांपासून तिचा बचाव करण्याचे. किल्ली आणि कुलूप एकाच कारागिराने घडवावे, याहून या क्षेत्राचे नेमके वर्णन दुसरे नसेल.

‘दुर्बोध’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. नवकाव्याच्या काळात मराठी समीक्षेत दुर्बोधतेवर पुष्कळ चर्चा झाली. तिथे कवीचा बचाव असा असे, की अनुभवच गुंतागुंतीचा आहे, म्हणून अभिव्यक्ती कठीण झाली आहे. वाचकाला दूर ठेवणे हा हेतू नाही. प्रणालींच्या क्षेत्रात दुर्बोधता हाच हेतू असतो. सर्व नावे काढून त्या जागी एकेक निरर्थक अक्षर घातले जाते. सरळ जाणारा क्रम मोडून त्याचे तुकडे केले जातात आणि ते एका मोठ्या फिरत्या चौकात असे ठेवले जातात, की कोणत्या तुकड्यानंतर कोणता हे नुसत्या वाचनाने कळू नये. कधीच अमलात न येणाऱ्या आज्ञा मधूनमधून पेरल्या जातात. वाक्ये सांकेतिक रूपात ठेवून ऐनवेळी उलगडली जातात. याहून पुढची पायरी म्हणजे संपूर्ण प्रणाली एका काल्पनिक यंत्राच्या आज्ञांत लिहायची आणि ते यंत्रही सोबत द्यायचे. म्हणजे वाचणाऱ्याला आधी एक अनोळखी भाषा शिकावी लागते आणि मग मजकूर वाचावा लागतो. याखेरीज प्रत्यक्ष कुलपे आहेतच: संगणकाच्या पाठीमागे लावायचा डोंगल, आंतरजालावरून घ्यायची परवानगी, आणि अलीकडे प्रणालीचा महत्त्वाचा भाग ग्राहकाकडे न पाठवता स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवण्याची रीत.

या सर्व उपायांनी संरक्षण पूर्ण होते काय? होत नाही, आणि याचे कारण कारागिरीच्या कमतरतेत नाही. जी प्रणाली ग्राहकाच्या यंत्रावर चालायची, ती त्या यंत्राला अखेर वाचता आलीच पाहिजे. आणि यंत्र ज्याच्या मालकीचे आहे त्याला, पुरेसा वेळ व चिकाटी असेल तर, यंत्र काय वाचते आहे ते पाहता येते. २००१ मध्ये बोआझ बराक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला गणिती सिद्धतेची जोड दिली. कोणतीही प्रणाली घ्यावी, तिचे कार्य तसेच ठेवावे, आणि तरीही बाहेरून दिसणाऱ्या वर्तनापलीकडे तिच्या संहितेतून काहीही कळू नये, असे सर्वांना लागू पडणारे दुर्बोधीकरण असू शकत नाही, असे त्यांनी दाखवले. याहून कमी अपेक्षेच्या एका व्याख्येवर २०१३ पासून मोलाचे संशोधन झाले आहे. परंतु त्यातून निघालेल्या पद्धती व्यवहारात वापरण्याजोग्या नाहीत. उलट बाजूची साधने मात्र दिवसेंदिवस सुलभ होत आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ‘गिड्रा’ हे आपले विश्लेषणाचे साधन २०१९ मध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुले केले.

तात्पर्य, हे कुलूप वेळ विकत घेते. क्रॅक करणाऱ्याला एक दिवस लागायचा तिथे तीन महिने लागावेत, एवढाच त्याचा पराक्रम. ज्या वस्तूची विक्री पहिल्या काही आठवड्यांतच आटोपते, त्या वस्तूसाठी तीन महिने पुरेसे असतात, म्हणून संगणकीय खेळांचे निर्माते त्यावर पैसे खर्च करतात आणि तो खर्च त्यांच्या दृष्टीने वाया जात नाही.

आता निर्मात्याची बाजू. ती आम्ही हलकी मानत नाही. बिल गेट्स यांनी १९७६ मध्ये हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक खुले पत्र लिहिले होते. यंत्राला पैसे मोजायचे आणि प्रणाली मात्र फुकट वाटून घ्यायची, हा व्यवहार चालू राहिला तर चांगली प्रणाली लिहायला कोण धजेल, असा त्याचा आशय होता. पुढे या गृहस्थांची कंपनी अतिबलाढ्य झाली म्हणून त्या प्रश्नातले सत्य नाहीसे होत नाही. विशेषतः लहान निर्मात्यांच्या बाबतीत तर होतच नाही. भारतीय भाषांसाठी अक्षरजुळणीच्या प्रणाली ज्यांनी उभ्या केल्या, त्यांच्यापुढे बाजारपेठ लहान होती आणि फुकट प्रती करणारे हात पुष्कळ होते. एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर अक्षरवळणे उतरवून घेण्यात काही गैर आहे, ही जाणीवच नव्हती. मराठी ग्रंथव्यवहाराला ही परिस्थिती परिचित आहे. विद्यापीठांच्या परिसरात अख्खी पुस्तके झेरॉक्स करून बांधून मिळतात, आणि नव्या पुस्तकाची पीडीएफ प्रत प्रकाशकाच्या आधी वाचकाच्या भ्रमणध्वनीवर पोहोचते. लेखकाच्या मानधनाविषयी परिसंवादांत कळकळीने बोलणारा समाज प्रणालीच्या लेखकाला मात्र चोर-पोलिसांच्या खेळातला पोलीस समजत असेल, तर तो दुटप्पीपणा होय. श्रमाचे मोल मिळावे म्हणून लावलेले कुलूप आम्हांला मान्य आहे.

परंतु कुलपाचा परिणाम कोणावर होतो, हेही पाहावे लागते. क्रॅक केलेली प्रत वापरणाऱ्याला कुलपाचा त्रास नसतो. ते कुणी आधीच काढून दिलेले असते. त्रास होतो तो पैसे भरून घेतलेल्या ग्राहकाला. मराठीच्या गेल्या तीन-चार दशकांतील अनुभवावरून हे स्पष्ट करता येईल.

युनिकोडच्या पूर्वीच्या काळात देवनागरी मजकुराच्या साठवणुकीची एकच एक सर्वमान्य पद्धत व्यवहारात नव्हती. ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ मध्ये अधिकृत झाले, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होतीच. पण छपाईच्या धंद्यात ज्या अक्षरप्रणाली रूढ झाल्या, त्यांतल्या बहुतेकांनी आपापली स्वतंत्र मांडणी केली. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: कुठे अर्धा वर्ण, कुठे काना, कुठे वेलांटी. एका निर्मात्याच्या मांडणीत ज्या जागी ‘क’ असे, त्या जागी दुसऱ्याच्या मांडणीत भलतेच काही असे. परिणामी एका प्रणालीत जुळवलेला मजकूर दुसऱ्या प्रणालीत उघडला की निरर्थक चिन्हांची माळ दिसे. पुष्कळ प्रणालींना डोंगल असे. तो संगणकाच्या प्रिंटरच्या खाचेत बसवला की अक्षरे उमटत, काढला की प्रणाली बंद. अक्षरजुळणी करणारे त्याला सरळ ‘लॉक’ म्हणत.

पुढे काय झाले, ते मराठी प्रकाशनव्यवसायाशी संबंध असलेल्यांना सांगायला नको. प्रिंटरची ती खाच संगणकांवरून नाहीशी झाली. जुन्या कार्यपद्धतीची जागा नवीने घेतली. काही निर्मात्यांनी धंदा आवरला, काहींनी जुन्या आवृत्तीकडे पाहणे सोडले. दिवाळी अंक, नियतकालिके, प्रबंध, कोशांची टाचणे, संपूर्ण ग्रंथ, असा पुष्कळ मजकूर त्या मांडण्यांत अडकून पडला. छापील प्रत जिथे शिल्लक आहे, तिथे तो पुन्हा टंकित करता येतो. जिथे केवळ संगणकीय प्रतच होती, तिथे ती असून नसल्यासारखी झाली. त्यातून जे काही वाचले, ते अनेक ठिकाणी हौशी अभियंत्यांनी व भाषाप्रेमींनी त्या मांडण्यांचे कोष्टक स्वतः उलगडून रूपांतरक लिहिले म्हणून. कुलूप उघडण्याच्या विद्येचाच तो उपयोग होता, आणि त्याबद्दल मराठी वाचकाने त्यांचे ऋणीच असले पाहिजे.

ही अडचण आपलीच आहे असे नाही. डोंगल बिघडला, तो बदलून मिळत नाही, आणि प्रणाली कालबाह्य झाली, अशा स्थितीत त्याला वळसा घालण्याची मुभा अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००३ मध्ये तिथल्या कायद्याखाली स्पष्टपणे दिली. एका ग्रंथालयाने हा निर्णय द्यावा, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते. मजकूर जतन करणे ज्याचे काम आहे, त्याला कुलपाची अडचण इतरांच्या आधी कळते.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला या ठिकाणी महानुभावांची आठवण होणे अपरिहार्य आहे. आपल्या पंथाचे ग्रंथ अनधिकाऱ्याच्या हाती जाऊ नयेत, म्हणून महानुभावांनी सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिपी वापरल्या. सकळ लिपी रवळोबासांनी तयार केली, असे परंपरा मानते. एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह योजायचे, हे तिचे तत्त्व. आजच्या भाषेत सांगायचे तर हे नावे बदलून केलेले दुर्बोधीकरणच. त्याचा परिणाम असा झाला, की तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील लीळाचरित्रासारखा गद्यग्रंथ मराठीत असूनही मराठी वाङ्मयाच्या मुख्य प्रवाहाला तो शतकानुशतके ठाऊक नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने आणि पंथातील महंतांच्या सहकार्याने हे दालन उघडले, आणि मराठी गद्याच्या आरंभाचा इतिहास नव्याने लिहावा लागला.

या उदाहरणाचा एकेरी अर्थ लावणे मात्र चूक होईल. लिपीमुळे ग्रंथ दडून राहिले हे खरे. पण पंथाने ते श्रद्धेने जतन केले, त्यांच्या नकला होत राहिल्या, आणि मुख्य म्हणजे लिपी वाचणारी माणसे पिढ्यान्पिढ्या टिकून राहिली, हेही तितकेच खरे. लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत हरवली आणि ते स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध झाले, असे सांगतात; त्यामुळेच त्याचे निरनिराळे पाठ निर्माण झाले. म्हणजे कुलूप होते, परंतु किल्लीचा सांभाळ करणारी परंपराही होती. संशोधक दाराशी आले, तेव्हा आत कोणीतरी होते.

आजच्या प्रणालींच्या बाबतीत दाराआड कोणी असेलच, याची शाश्वती नाही. कंपनी बुडते, विकली जाते, तिची कपाटे रिकामी होतात. मूळ संहिता एखाद्या बिघडलेल्या तबकडीवर राहते आणि पुढे तीही भंगारात जाते. मागे उरते ती ग्राहकाकडची आज्ञांची रांग, आणि तीही बुद्धिपुरस्सर दुर्बोध केलेली. ज्या परंपरेने कुलूप लावले, तिनेच किल्ली हरवली, असा हा प्रकार आहे.

कायदा याविषयी काय म्हणतो? आपल्याकडचा कायदा या बाबतीत सर्वसाधारण समजुतीपेक्षा अधिक उदार आहे. १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये जे अपवाद आले, त्यांनुसार कायदेशीररीत्या प्रणाली बाळगणाऱ्याला, आपल्या स्वतंत्र प्रणालीचा तिच्याशी मेळ घालण्यासाठी आवश्यक असलेली आणि अन्यथा सहज न मिळणारी माहिती काढून घेण्यास मुभा आहे. प्रणालीमागची तत्त्वे समजावीत म्हणून तिच्या कार्याचे निरीक्षण, अभ्यास व चाचणी करण्यासही मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तांत्रिक संरक्षणाला वळसा घालणे हा गुन्हा ठरवला, पण तो हक्कभंगाच्या हेतूने केला तर. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कारणासाठी तसे करण्यास तिथेही जागा ठेवलेली आहे. युरोपने १९९१ च्या निर्देशात परस्पर-मेळासाठी डीकंपाइल करण्याची परवानगी दिली होती. आणि प्रणालीतील चुका दुरुस्त करण्यासाठीही कायदेशीर ग्राहक काही मर्यादेत तसे करू शकतो, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिला.

या अपवादांना केवळ सोयीचे महत्त्व नाही. फोक्सवागनच्या मोटारी चाचणीच्या वेळी कमी आणि रस्त्यावर कितीतरी अधिक धूर सोडत होत्या, हे २०१५ मध्ये उघडकीस आले. ही लबाडी मोटारीतल्या प्रणालीत लिहिलेली होती, आणि ती नेमकी कशी चालते हे स्वतंत्र अभ्यासकांनी ती यंत्ररूपातील संहिता उलगडून दाखवले. ज्या कुलपाआड निर्मात्याचे श्रम असतात, त्याच कुलपाआड त्याची लबाडीही असू शकते. दुरून पाहणाऱ्याला दोन्हींचे कुलूप सारखेच दिसते. म्हणून ‘वाचणे हाच गुन्हा’ ही भूमिका कोणत्याही सुजाण समाजाला परवडणारी नाही.

तरीही केवळ अपवादांवर आमचे समाधान होत नाही. अपवाद सांगतात की, तुम्हांला जमत असेल तर कुलूप उघडा. ते उघडता येईलच, याची हमी ते देत नाहीत. इथे कॉपीराइटच्या मुळाशी असलेल्या कराराकडे वळावे लागते. समाज लेखकाला ठरावीक मुदतीपुरती मक्तेदारी देतो आणि मुदत संपली की कृती सर्वांची होते, हा तो करार. आपल्याकडे ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची आहे. पंचविशीतल्या अभियंत्याने आज लिहिलेल्या प्रणालीचे संरक्षण अशा हिशेबाने शंभर वर्षांहून अधिक काळ चालू शकते. कवितासंग्रहाची मुदत संपते तेव्हा लोकांच्या हाती कविता येते. प्रणालीची मुदत संपेल तेव्हा काय येईल? जे यंत्र अस्तित्वात नाही, त्याच्या आज्ञांची दुर्बोध रांग. म्हणजे कराराचा एक पक्ष शंभर वर्षे संरक्षण घेतो आणि अखेरीस दुसऱ्या पक्षाच्या हातावर रिकामी करंडी ठेवतो. साहित्यकृती म्हणून मिळणारे लाभ घ्यायचे असतील, तर साहित्यकृती म्हणून असलेली जबाबदारीही घेतली पाहिजे. ती जबाबदारी म्हणजे केव्हा तरी वाचता येणे.

आमची सूचना त्यामुळे अशी. ज्या प्रणालीला कायद्याचे संरक्षण हवे, तिची संपूर्ण मूळ संहिता एका विश्वासार्ह सार्वजनिक संस्थेकडे मोहोरबंद ठेव म्हणून द्यावी. निर्माता जोवर ती प्रणाली विकतो आणि सांभाळतो आहे, तोवर मोहोर फुटू नये. त्याने ती वाऱ्यावर सोडली, अथवा वाजवी मुदत उलटली, की संहिता खुली व्हावी. आज कॉपीराइटची नोंदणी ऐच्छिक आहे. आणि नोंदणी केली तरी २०२१ च्या सुधारित नियमांनुसार संहितेची पहिली १० आणि शेवटची १० पाने सादर केली की भागते. एखाद्या कादंबरीची पहिली व शेवटची दहा पाने जपून ठेवून ती कादंबरी जपली, असे कोणी म्हणेल काय? छापील पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना देण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर आहे. तोच न्याय या नव्या साहित्यकृतीला लावण्यात तत्त्वतः काही अडचण नाही.

निदान सार्वजनिक पैशातून जे विकत घेतले जाते, तिथे तरी ही अट आजच घालता येईल. विद्यापीठे, भाषाविषयक संस्था, शासकीय कार्यालये, ग्रंथालये यांनी कोणतीही प्रणाली घेताना करारात संहितेच्या ठेवीचे कलम घालावे. खासगी उद्योगांत, विशेषतः मोठ्या खरेदीत, ही रीत नवी नाही. शिवाय, आपला मजकूर कोणत्याही क्षणी खुल्या मानकात बाहेर काढता आला पाहिजे, ही अट सर्वांत आधी. प्रणालीला कुलूप असावे. पण तिच्यात लिहिलेला लेख लेखकाचा असतो, त्याला प्रणालीच्या निर्मात्याने कुलूप लावू नये.

यावर आक्षेप येईल, की संहिता ठेव म्हणून दिली तर ती फुटेल आणि स्पर्धकाच्या हाती पडेल. ही भीती निराधार नाही; मोहोर सांभाळणारी संस्था कशी असावी, याचा विचार काळजीपूर्वक करावा लागेल. पण जुन्या संहितेचे मोल कालांतराने कसे बदलते, तेही पाहावे. ‘फोटोशॉप’च्या पहिल्या आवृत्तीची संहिता २०१३ मध्ये आणि ‘एमएस-डॉस’च्या आरंभीच्या आवृत्त्यांची संहिता २०१४ मध्ये अमेरिकेतील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने संबंधित कंपन्यांच्या संमतीने अभ्यासकांसाठी उपलब्ध केली. त्या कंपन्यांचे त्याने काही बिघडले नाही. इतिहासाला मात्र साधन मिळाले. फ्रान्सच्या इन्रिया या संस्थेने २०१६ मध्ये ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा संहितांच्या जतनाचा प्रकल्प सुरू केला आणि त्याला युनेस्कोची साथ आहे. बाजारातले मोल संपल्यावर अभ्यासातले मोल सुरू होते, हे जुन्या वर्तमानपत्रांच्या बाबतीत आपण मान्य केलेलेच आहे.

दुसरा आक्षेप असा, की मराठीच्या अध्यापकांनी या तांत्रिक विषयात का पडावे? याचे उत्तर कायद्यानेच दिले आहे: ही साहित्यकृती आहे. आणि दुसरे उत्तर मराठीच्या अलीकडच्या इतिहासाने दिले आहे. भाषेचे लेखन ज्या साधनांवर अवलंबून आहे, त्या साधनांची संहिता कोणाच्या हाती आहे आणि ती पुढे कोणाला वाचता येणार आहे, हा भाषेचाच प्रश्न आहे. ताम्रपट, पोथी, शिळाछाप यांच्या जतनाची चिंता आपण करतो, कारण त्यांवर मजकूर आहे. मराठी मजकूर आज यंत्रांत आहे, आणि यंत्राचे मन जुन्या संहितांत आहे.

मराठी अक्षरजुळणीच्या पहिल्या पिढीतल्या प्रणाली ज्यांनी लिहिल्या, त्यांपैकी अनेक अभियंते आज हयात आहेत. जोडाक्षरे कशी जुळवावीत, रफार कुठे बसवावा, पोटफोड्या ‘ष’ला अर्धा कसा करावा, या प्रश्नांची त्यांनी शोधलेली उत्तरे त्यांच्या जुन्या संहितांत आहेत. ती मराठी लिपीच्या इतिहासाची पाने आहेत. त्या संहिता आज त्यांच्याकडून मागून घेता येतील, सन्मानाने आणि योग्य मोबदला देऊन. आणखी वीस वर्षांनी त्या उलगडण्यासाठी कितीही कुशल डीकंपायलर आणला, तरी तो आज्ञांची रांगच देईल. समासातली टिपणे देणार नाही.